सहा तासांचं घड्याळ

२०१७च्या जुलैत माझी भाची डोंबिवलीच्या एका खासगी प्रसूतिगृहात बाळंत झाली. पहाटे पावणेतीनला मुलगा झाला, पण रडला नाही. आतून धावपळीचे आवाज आले. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "श्वास सुरू झालाय, पण बाळाच्या डोक्याला ऑक्सिजन कमी पडलाय. पेटीत ठेवावं लागेल." पेटीची सोय तिथं नव्हती. बाळ कल्याणच्या एका रुग्णालयात हलवलं. तिथं सकाळी सहाच्या सुमारास 'कूलिंग' हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. बाळाचं अंग तीन दिवस गार ठेवतात, त्यानं मेंदू वाचू शकतो, सोय मुंबईत आहे, पण जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हायला हवं, असं सांगण्यात आलं. रुग्णवाहिका मिळवण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात वेळ गेला. शिळफाट्याला पाऊस आणि कंटेनरांची रांग. पोहोचलो तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "सात तास झाले. आता त्याचा उपयोग नाही."

मुलगा वाचला. आज तो आठ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, शब्द मोजके, हसू भरपूर. त्याचा बाप मात्र अजून त्या एका तासात अडकून आहे. शिळफाट्याऐवजी भिवंडीवरून गेलो असतो तर? दागिने गहाण ठेवायला सकाळची वाट न पाहता कोणाला तरी उठवलं असतं तर? लग्नकार्यात, श्राद्धाला, कुठंही हा विषय निघतो आणि तो मिनिटांचा हिशेब मांडतो.

मी डॉक्टर नाही. त्याच्या हिशेबाला उत्तर सापडतं का, एवढ्यासाठी वाचायला लागले. आधी इंग्रजी लेखांचे सारांश, मग शब्दकोश शेजारी ठेवून मूळ लेख, मग परिचयातल्या दोन बालरोगतज्ज्ञांना विचारून खातरजमा, असं काही वर्षं चाललं. आणि शेवटी ज्या ठिकाणी पोहोचले ते डोंबिवलीहून धीम्या लोकलनं तासाभराच्या अंतरावर निघालं: सायन.

पण आधी हा गारव्याचा उपचार काय आहे ते सांगायला हवं, कारण तो आपल्या सगळ्या संस्कारांच्या उलटा आहे. आपल्याकडे बाळ आणि ऊब हे शब्द वेगळे करता येत नाहीत. टोपरं, दुपटं, शेक-शेगडी, धुरी, बाळंतिणीच्या खोलीच्या बंद खिडक्या. आधुनिक वैद्यकही याच बाजूचं आहे. नवजात बाळाचं अंग गार पडणं हा जिवावरचा धोका, म्हणून वॉर्मर, म्हणून आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरणं. न रडलेल्या बाळासाठी आपल्या सुइणी थाळी वाजवत, कुठं कुठं वार गरम करत. त्यातही भरवसा उबेवरच होता.

प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते आणि काही पेशी तिथल्या तिथं मरतात. हा पहिला घाव. बाळाचा श्वास आणि रक्ताभिसरण परत आलं की ऊर्जा सावरते आणि काही तास सगळं निवळल्यासारखं वाटतं. त्यानंतर दुसरा घाव येतो. ग्लुटामेटसारख्या रसायनांचा पूर आलेला असतो, पेशींमध्ये कॅल्शियम शिरलेलं असतं, दाह सुरू असतो, पेशींची ऊर्जाघरं एकेक करून बंद पडू लागतात. बाळाला झटके येतात. अनेक पेशी या दुसऱ्या फेरीत, घटनेनंतर कित्येक तासांनी किंवा दिवसांनी मरतात. दोन घावांमधली निवांत वेळ म्हणजे साधारण सहा तास. शरीराचं तापमान दर अंशानं उतरलं की मेंदूची ऊर्जेची गरज अंदाजे ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते, आणि दुसऱ्या घावाची यंत्रणा मंदावते. म्हणून बाळाला ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर ७२ तास ठेवायचं आणि नंतर तासाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही इतक्या सावकाश पुन्हा ऊब द्यायची.

कल्पना जुनी आहे. स्वीडनचे ब्यॉर्न वेस्टिन आणि अमेरिकेचे जेम्स मिलर यांनी १९५०च्या दशकात श्वास न घेणारी बाळं थंड पाण्यात बुडवून पाहिली होती. मात्र १९५८मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवून दिलं की कमी दिवसांची बाळं थोड्या जास्त उबेत ठेवली तर अधिक वाचतात. गारवा म्हणजे मृत्यू, असं समीकरण पक्कं झालं आणि हा विषय तीसेक वर्षं अडगळीत पडला. तो बाहेर काढला न्यूझीलंडच्या अ‍ॅलिस्टर गन यांनी, मेंढीच्या पोटातल्या कोकरांवर प्रयोग करून. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर दीड तासानं कोकराचं डोकं गार करायला घेतलं तर मेंदू बराच वाचला. साडेपाच तासांनी घेतलं तर थोडा वाचला. साडेआठ तासांनी, झटके सुरू झाल्यावर घेतलं तर काहीच फायदा नाही. आमच्या घराला आठ वर्षं छळणारे ते सहा तास मुळात या कोकरांकडून आले आहेत, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

२००५मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत फक्त डोक्याला गार टोपी होती. दुसरी अमेरिकेतली, भारतीय वंशाच्या सीता शंकरन यांच्या नेतृत्वाखालची, सगळं अंग गार करणारी. तिच्यात मृत्यू किंवा गंभीर-मध्यम अपंगत्व नेहमीच्या उपचारात ६२ टक्के होतं ते ४४वर आलं. २०१३मध्ये ११ चाचण्यांतल्या १,५०५ बाळांचा एकत्र आढावा निघाला: ६१ टक्क्यांवरून ४६. साध्या भाषेत, सात बाळं गार केली की त्यांतलं एक मृत्यूपासून किंवा मोठ्या अपंगत्वापासून वाचतं. नवजात बाळांच्या मेंदूसाठी सिद्ध झालेला असा दुसरा उपचार आजही नाही. श्रीमंत देशांत तो लगेच रूढ झाला.

मग तो इकडे का नको? यंत्र महाग, एवढंच कारण वाटत होतं, आणि त्यावर उपायही निघाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांच्या साथीनं एका भारतीय कंपनीनं 'मिराक्रेडल' नावाचा पाळणा बनवला. त्यात ठरावीक तापमानाला वितळणारा आणि थिजणारा पदार्थ भरलेल्या गाद्या असतात. विजेशिवाय त्या बाळाच्या अंगातली उष्णता शोषत राहतात. कुठं जेलच्या पिशव्या, कुठं नुसता वॉर्मर बंद करून खोली गार ठेवणं. आपल्याकडच्या काही खासगी रुग्णालयांच्या माहितीपत्रकांतही हा उपचार दिसू लागला. २०१७ सालची आमची धावपळ ही अशा वातावरणातली होती.

आता ठाणे जिल्ह्याचा नकाशा या सहा तासांवर ठेवून पाहा. मुरबाड-शहापूरच्या पाड्यावर बाळंतपण अडलं तर आधी ग्रामीण रुग्णालय, मग उल्हासनगर किंवा ठाण्याचं सिव्हिल. कल्याण-डोंबिवलीत रुक्मिणीबाई आणि शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालयं, त्यापुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि त्याहूनही पुढे मुंबई. कल्याण ते सायन हे अंतर रेल्वेनं जेमतेम ४० किलोमीटर. रस्त्यानं किती वेळ लागेल हे पत्रीपूल, शिळफाटा आणि मुंब्रा बायपास ठरवतात. म्हणून माझा पहिला समज असा झाला की प्रश्न यंत्राचा आणि रस्त्याचा आहे. कळव्याला, कल्याणला असे पाळणे आले की आमच्यासारख्यांची परवड थांबेल. एका स्थानिक साप्ताहिकासाठी तशा मागणीचा लेखही मी लिहायला घेतला होता. तो पुरा झाला नाही याचं आज बरं वाटतं.

कारण तोवर २०२१ उजाडलं आणि 'हेलिक्स' चाचणीचा निकाल 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला.

हेलिक्स ही गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झालेली या उपचाराची सर्वांत मोठी चाचणी. प्रमुख होते लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल, मूळचे केरळचे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं तिच्यात होती. भारतातली चेन्नई आणि बंगळुरूची, आणि महाराष्ट्रातलं एकच: सायनचं लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय. १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी देशातली पहिली मानवी दुग्धपेढी जिथं सुरू केली ते हेच. धारावीपासून कल्याण-कसाऱ्यापर्यंतच्या गरिबांची बाळं जिथं शेवटी येतात तेही हेच. म्हणजे आपल्या पट्ट्यातल्या बाळांना हा उपचार लागू पडतो का, हा प्रश्न विचारायला याहून योग्य जागा नव्हती.

१५ ऑगस्ट २०१५ ते १५ फेब्रुवारी २०१९ या काळात ४०८ बाळं चाचणीत घेतली गेली. सगळी पूर्ण दिवसांची किंवा त्याजवळची, सहा तासांच्या आतली, मेंदूला मध्यम किंवा तीव्र इजा झालेली. कोणाला गार करायचं आणि कोणाला नेहमीची काळजी द्यायची हे संगणकाच्या चिठ्ठीनं ठरलं: २०२ आणि २०६. यंत्रातही काटकसर नव्हती. बाळाच्या आतल्या तापमानावर सतत नजर ठेवून गादीतलं पाणी आपोआप गार-गरम करणारं यंत्र वापरलं होतं. व्हेंटिलेटर होते, एमआरआय होते, आणि बाळं दीड वर्षाची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला. आपल्याकडच्या चाचण्यांत बाळं मध्येच हरवतात, गावी जातात. इथं ४०८पैकी ३९४ जणांचा अंतिम निकाल हाती आला. ज्यांनी हे पाडे, चाळी, झोपडपट्ट्या पालथ्या घालून केलं असेल त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. आणि बाळ जन्मल्याला काही तास झालेले असताना, बाहेर बाकावर बसून संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देणाऱ्या आईबापांविषयी तर त्याहून जास्त.

निकाल असा. मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्व: गार केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७. म्हणजे फरक नाही. आणि नुसते मृत्यू मोजले तर गार केलेल्यांत १९८पैकी ८४, न केलेल्यांत २०१पैकी ६३. टक्क्यांत ४२ आणि ३१. शंभर बाळं गार केली तर अकरा जास्त दगावली.

हे आकडे मी तीनदा वाचले. आधी वाटलं, रकाने उलटे वाचतेय. थंडीनं नाडी मंदावते, रक्त गोठायला वेळ लागतो, हे दुष्परिणाम आधीपासून माहीत होते. श्रीमंत देशांत फायदा त्यांच्यापेक्षा मोठा ठरतो. इथं फायदा दिसलाच नाही. युगांडात कंपाला इथं २००८मध्ये पाण्याच्या बाटल्या वापरून ३६ बाळांवर एक छोटी चाचणी झाली होती. तिच्यातही गार केलेल्या २१पैकी ७ आणि इतर १५पैकी १ बाळ दगावलं होतं. संख्या लहान म्हणून त्याकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं. हेलिक्सच्या लेखकांनी निष्कर्ष आडपडदा न ठेवता लिहिला: अशा देशांत, मोठ्या अतिदक्षता विभागाची सोय असली तरीही, हा उपचार देऊ नये.

यावर देशात वाद झाला आणि तो संपलेला नाही. काही नवजात शिशुतज्ज्ञांचं म्हणणं असं की चाचणीतली बरीच बाळं बाहेरून आणलेली, आधीच खालावलेली होती. ज्या रुग्णालयात बाळ जन्मतं तिथंच लगेच, निवडून उपचार केला तर चित्र वेगळं असेल. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये जेलच्या पिशव्यांनी झालेल्या लहान चाचणीत फायदा दिसलाही होता. माझं मत, एका वाचकाचं मत म्हणून, असं आहे की चारशे बाळांचा निकाल बाजूला सारायचा असेल तर तितक्याच ताकदीची दुसरी चाचणी हवी. तोवर ज्या पालकांसमोर हा उपचार ठेवला जातो त्यांना ४२ आणि ३१ हे आकडेही सांगितले गेले पाहिजेत. आम्हाला तेव्हा सांगता येणं शक्य नव्हतं. आता आहे.

एकच गारवा लंडनच्या बाळाला तारतो आणि सायनच्या बाळाला तारत नाही, हे कसं? इथं मला दीडशे वर्षांपूर्वीचं एक भांडण आठवलं. १८६१मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी मांडलं की मुलांच्या हातापायांचा ताठरपणा अवघड बाळंतपणातल्या गुदमरण्यातून येतो. १८९७मध्ये व्हिएन्नाच्या एका मेंदूतज्ज्ञानं शंका काढली: कधी कधी अवघड बाळंतपण हेच आधीपासून बिघडलेल्या गोष्टीचं लक्षण असेल तर? हा तज्ज्ञ म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. तेव्हा तो मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेला नव्हता. लिटलचं म्हणणं लोकांना पटलं, फ्रॉइडची शंका मागं पडली.

हेलिक्समधल्या बाळांच्या मेंदूची चित्रं ही शंका पुन्हा समोर आणतात. अचानक, एकाच झटक्यात प्राणवायू तुटला तर मेंदूच्या खोलातल्या गाभ्याला इजा होते. आपल्याकडच्या बाळांत पांढऱ्या द्रव्याची इजा ठळक दिसली. रखडत, हळूहळू झालेल्या कोंडमाऱ्याची ती खूण मानतात. २०२४मध्ये याच गटानं बाळांच्या रक्तातल्या जनुकांची हालचाल तपासली. श्रीमंत देशातल्या बाळांत ती एकाच तीव्र घटनेशी जुळणारी होती: वार सुटली, रक्तस्राव झाला. दक्षिण आशियातल्या बाळांत ती झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकणाऱ्या माणसांसारखी होती. म्हणजे प्राणवायू तुटतो, येतो, तुटतो, येतो, असं बराच वेळ चाललेलं. प्रत्येक कळेबरोबर वारेकडचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होतो. धडधाकट बाळ ते सोसतं. आई अशक्त असेल, पोटात संसर्ग असेल, तर तेच सोसणं जड जातं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, हे इथं लक्षात घ्यायला हवं.

हे खरं असेल तर जन्माच्या क्षणी सुरू होणारं घड्याळच चुकीचं लावलेलं आहे. बाळ बाहेर येईपर्यंत दुसरा घावही होऊन गेलेला असू शकतो, आणि मग मुंबईला सहाव्या तासाला पोहोचा की सातव्या, फरक पडत नाही. अमेरिकेत ६ ते २४ तासांदरम्यान गार करून पाहणाऱ्या चाचणीतही, जी २०१७मध्येच प्रसिद्ध झाली, थोड्या फायद्याची शक्यता दिसली, ठाम काही नाही.

त्यामुळे लक्ष जातं ते बाळंतपणाच्या खोलीकडे. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे: कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐकायचे, बाळ खाली सरकून जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. त्यासाठी यंत्र साधं लागतं, माणूस मात्र लागतो. रात्रपाळीला चार-पाच बायका कळा देत असताना एक नर्स असेल तर हा नियम भिंतीवरच राहतो. दुसरी गोष्ट कळांच्या इंजेक्शनची. सलाइनमधून ऑक्सिटोसिन सोडून कळा वाढवणं हे अनेकदा आवश्यक असतं, पण दोन कळांमध्ये बाळाला दम घ्यायला वेळ उरला नाही तर वरची ती तुटणं-येणं अधिकच वाईट होते. थय्यिल यांच्या गटानंही हेलिक्सनंतर दक्षिण भारतात 'प्रिव्हेंट' नावाचं काम याच खोलीत सुरू केलं: ठोक्यांवर नजर, सोबतीला घरची बाई, नर्सना प्रशिक्षण.

आणि बाळ रडलं नाहीच, तर पहिलं मिनिट. इथं महाराष्ट्राला सांगण्यासारखं काही आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या बाळंतपणात उभं केलं. न रडणाऱ्या बाळाला पुसून, चोळून, तरीही श्वास नाही तर मुखवटा लावून पिशवीनं हवा द्यायची. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या सगळ्या कामामुळे अर्भकांचे पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे गुदमरून होणाऱ्या मृत्यूंचा वेगळा हिशेब केला तेव्हा तेही ६५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. केंद्र सरकारनं २००९पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात दवाखान्यांतल्या नर्स-डॉक्टरांना हेच पिशवी-मुखवट्याचं शिक्षण द्यायला घेतलं. आपल्या शहरी पट्ट्यात गल्लोगल्ली जी खासगी प्रसूतिगृहं आहेत, त्यांच्या रात्रपाळीच्या प्रत्येक मुलीला हे येतं का, हा मला गारव्याच्या पाळण्याहून मोठा प्रश्न वाटतो. नाव घालायला जाताना आपण खोलीत एसी आहे का विचारतो. रात्री ठोके कोण ऐकतं, न रडलेल्या बाळाला पिशवीनं हवा देणारं माणूस चोवीस तास असतं का, हे विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणपतीत मी हे सगळं त्या मुलाच्या बापासमोर मांडलं. कोकरं, कंपाला, सायन, ४२ आणि ३१. मुलगा त्याच्या मांडीवर होता. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे मावशी, शिळफाट्याचा तास नव्हता तो?" मी म्हटलं, "बहुतेक नव्हता." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "रात्री दहाला आपण तिला आत दिलं. पावणेतीनपर्यंत काय चाललं होतं?"

प्रसूतिगृहाचा केसपेपर माझ्या फायलीत होता. तो काढला. बाळाच्या ठोक्यांच्या त्यावर दोनच नोंदी आहेत: रात्री १०.२०ला १४०, आणि १.५०ला १००. मध्ये एका ओळीत सलाइन लावल्याची वेळ, ११.१५. मधल्या साडेतीन तासांत कोणी ठोके ऐकले आणि लिहायचे राहिले, की ऐकलेच नाहीत, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. त्यानं कागद मागून घेतला, खाली जाऊन झेरॉक्स काढून आणली आणि मूळ प्रत माझ्या फायलीत पुन्हा लावून ठेवली.